पाटीपूजन झाले, पुढे काय?

आश्विन उजाडला की गोव्याच्या खेडोपाडीच्या मराठी शाळांतून सरस्वतीपूजनाची लगबग सुरू होते. वर्ग झाडून पताका लागतात, मखर सजते, मुले पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती रेखाटतात, आरत्या आणि भजने होतात. पूजेस मांडलेले पुस्तक उत्तरपूजा होईपर्यंत उघडावयाचे नाही, असा जुना संकेत आहे. तो अर्थातच तेवढ्या वेळेपुरता. आमची चिंता अशी की, हा अनध्याय आता वर्षभर चालू लागला आहे. पुस्तकाला हळदकुंकू मिळते, वाचक मिळत नाही.

दहावी-बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला एखादा तरुण पंचायतीकडे द्यावयाचा साधा अर्ज लिहावयास बसतो, आणि त्याची लेखणी पहिल्याच ओळीवर अडखळते. ग्रामसभेत उभे राहून आपल्या वाड्यावरच्या नळाला पाणी येत नाही, एवढी गोष्ट चार वाक्यांत सांगणे त्याला जड जाते. वर्तमानपत्राचा मथळा वाचून तो पान उलटतो. खालचा मजकूर त्याला लांबलचक वाटतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे. बोलणे मूल घरी, अंगणात, आईच्या कडेवर आपोआप शिकते. वाचणे आणि लिहिणे तसे आपोआप येत नाही. ते कोणी तरी शिकवावे लागते. आणि घरात खळखळून बोलणारे मूल चारचौघांत बोलेल की गप्प राहील, हेही पुष्कळदा शाळेतील पहिल्या चार-पाच वर्षांतच ठरून जाते.

याची साक्ष आमच्याच भूमीत आहे. पोर्तुगीज अमदानीत हिंदूंच्या मुलांना मराठी अक्षरओळख होत असे ती शेणवी मामांच्या शाळेत, म्हणजे देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या यजमानाच्या ओसरीवर. धूळपाटीवर बोट फिरवीत मूल बाराखडी गिरवी आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी घोकी. पुढे १९०८ मध्ये पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना थोडी मोकळीक मिळाली. फोंड्याच्या दादा वैद्यांसारख्या माणसांनी शिक्षणासाठी देह झिजविला. तरीही १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा येथे तिघांत जेमतेम एक माणूस साक्षर होता. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या, शेजारच्या महाराष्ट्रातून शिक्षक आणले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी अक्षर गिरविले नव्हते अशा बहुजन समाजाच्या मुलामुलींच्या हाती पाटी आली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८ टक्क्यांहून अधिक भरली. हे यश लहान नव्हे.

त्या शाळांत एक शिक्षक पुष्कळदा चारही वर्ग सांभाळी. परंतु तेथे प्रत्येक मुलास उभे राहून धडा मोठ्याने वाचावा लागे. कित्ता गिरवावा लागे. शिक्षक सांगत आणि मुले ऐकून उतरवून घेत, मग पाट्यांची अदलाबदल होऊन चुका मोजल्या जात. कविता पाठ म्हणावी लागे, आणि सरस्वतीपूजनाच्या रात्री मुलांचे नाटुकले असे. कान, जीभ आणि हात यांना रोज काम मिळे. गोव्यात गावोगावच्या जत्रांतून मराठी नाटके करणाऱ्या हौशी नटांची परंपरा आजही टिकून आहे. त्या नटांपैकी कित्येकांच्या तोंडचे पहिले वाक्य शाळेच्या बाकांवर फळ्या टाकून केलेल्या रंगमंचावर फुटले आहे.

म्हणून त्या शाळेची आरती ओवाळावयास आम्ही बसलेलो नाही. तेथे छडी होती, आणि छडीहून वाईट म्हणजे उपहास होता. अडखळणाऱ्या मुलास साऱ्या वर्गासमोर वेडावून दाखविले जाई. अशी कित्येक मुले पुढे कर्तीसवरती झाली, परंतु सभेत उभे राहिले की त्यांच्या घशाला आजही कोरड पडते. शाळा जशी जीभ सोडविते तशी ती बांधूनही टाकते.

आज छडी गेली. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये ती निषिद्धच ठरविली. पण छडीबरोबर मोठ्याने वाचणेही गेले. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर येतात, मुले ती उतरवितात, घोकतात आणि परीक्षेत ओततात. जे उतरविता येत नाही ते मार्गदर्शकात छापलेले असते; निबंधसुद्धा तयार मिळतो. स्वतःच्या मनातले एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची वेळच मुलावर येत नाही. वाचनाचा वेग हाही सरावाने येतो. एकेक जोडाक्षर फोडत जाणारे मूल वाक्याच्या शेवटास पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेले असते. त्याला अर्थ लागत नाही, म्हणून गोडी लागत नाही, आणि गोडी नाही म्हणून ते वाचीत नाही. हे चक्र तिसरी-चौथीत तोडले नाही, तर पुढे तोडणे फार कठीण जाते.

आता जे लिहावयाचे आहे ते आमच्या मराठीप्रेमी वाचकांस कदाचित रुचणार नाही. गोव्यातील बहुसंख्य हिंदू मूल घरी कोंकणी बोलते. ते मराठीच्या तासाला 'मला' म्हणावयाच्या ठिकाणी 'म्हाका' म्हणून गेले, तर हसण्यासारखे काय आहे? पण आपण हसलो. पिढ्यान् पिढ्या शिक्षक हसले, शिष्ट घरांतील मुले हसली. ज्या मुलाची घरची बोली वर्गात थट्टेचा विषय होते ते मूल हात वर करणे सोडून देते. त्याला मराठी तर येत नाहीच, पण आपल्या कोंकणीचीही त्याला लाज वाटू लागते. हीच चूक आता इंग्रजी शाळा दुप्पट जोमाने करीत आहेत, आणि तेथे आपण ती खपवून घेतो. १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांच्या निमित्ताने आपण भाषेवर हिरिरीने भांडलो. त्या भांडणात मूल काय वाचते आणि कसे बोलते, हे विचारावयास मात्र कोणास सवड झाली नाही.

माध्यमाचा प्रश्नही असाच हेलकावे खात आला. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषा आणि प्रादेशिक भाषांपुरते ठेवले. २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुले झाले. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेत शिकवावे असा आग्रह धरला. दरम्यान गावच्या सरकारी शाळांचे पट रोडावले, आणि अनेक शाळांना कुलपे लागली. इंग्रजी शाळेकडे वळणाऱ्या मजुराला आम्ही बोल लावणार नाही. साहेबाची पोरे कोठे शिकतात हे त्याला दिसते. बोल लावावयाचा तर आमच्यासारख्यांनाच, जे व्यासपीठावरून मराठीचा जयजयकार करतात आणि नातवंडांना मुकाट्याने इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढवितात. परंतु त्या मजुराला एक गोष्ट कोणी तरी सांगावयास हवी. एका भाषेत नीट वाचू लागलेल्या मुलास दुसरी भाषा लवकर येते; एकाही भाषेत पाय न रोवलेल्या मुलास इंग्रजी शाळा इंग्रजी देत नाही, केवळ गणवेश देते.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांना अंदाजपत्रकात वेगळे शीर्षक लागणार नाही. शाळेतील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप काढावे. पुस्तके फाटली तर फाटू द्यावीत. रोज अर्धा तास केवळ वाचनाचा असावा, त्यावर प्रश्न नाहीत आणि गुणही नाहीत. आठवड्यातून एकदा श्रुतलेखन व्हावे, आणि एकदा प्रत्येक मुलाने आपण पाहिलेल्या गोष्टीविषयी पाच वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहावी: मांडवीवरची फेरीबोट, मिरगाचा पहिला पाऊस, मामाच्या गावची जत्रा. पहिल्या दोन वर्षांत मुलाने कोंकणीत उत्तर दिले तर शिक्षकाने ते स्वीकारावे आणि तेच मराठीत हळूच म्हणून दाखवावे. चूक दुरुस्त व्हावी, पण मुलाची मान खाली जाऊ नये. शिक्षकांस नाना सर्वेक्षणांच्या आणि निवडणुकीच्या कामांतून जितके मोकळे ठेवता येईल तितके सरकारने ठेवावे. जो दिवसभर तक्ते भरतो तो मुलांना गोष्ट केव्हा सांगणार?

आणि घरांनीही आपला वाटा उचलावा. श्रावणात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांसारख्या पोथ्या लावण्याची चाल आपल्याकडे होती. अजूनही काही घरांत ती आहे. आजोबा वाचीत, घरची मंडळी ऐकत, आणि आजोबांचे डोळे थकले की नातवास पुढे बसवीत. त्या नातवास कोणी वाचनकौशल्य शिकविले नव्हते. आपण वाचतो आणि घर ऐकते, एवढे त्याला पुरे होते. आज पोथी नको असेल तर गोष्टीचे पुस्तक घ्यावे, हेच वर्तमानपत्र घ्यावे. रात्री जेवणापूर्वी दूरदर्शनसंच आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवून मुलाकडून एक बातमी मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि ते अडखळले तर थांबून राहावे.

यंदाही सरस्वतीची पूजा थाटाने होईल, व्हावीही. उत्तरपूजेनंतर ती पुस्तके पुन्हा कपाटात जाण्याऐवजी मुलांच्या हातांत जातील, एवढे प्रत्येक शाळेच्या शिक्षक-पालक संघाने पाहावे. शाळा उघडी राहील की नाही हे सरकारच्या हाती असेल. उघड्या शाळेत मूल वाचते की नाही, हे पाहणे तर आपल्याच हाती आहे ना?