सरांच्या फोटोला हार घालून वर्ग चालत नाही

बुद्धविहाराच्या पटांगणात, समाजमंदिरात, महापालिका शाळेच्या मैदानात संध्याकाळी जे कराटे, तायक्वांदो, लाठीकाठीचे वर्ग चालतात, ते आपल्या चळवळीचे मोलाचे काम आहे. पण हे काम बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या जिवावर उभे आहे. सर वारले, आजारी पडले किंवा बदली होऊन गेले की महिन्याभरात मैदान ओस पडते. मग चौकात बॅनर लागतो, भावपूर्ण श्रद्धांजली होते, फार तर वर्षभराने स्मृतिचषक होतो. पोरांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्यामागे वर्ग कोण चालवणार हे ज्या प्रशिक्षकाने ठरवले नाही, त्याने अर्धेच काम केले. आणि हयातीत त्याला हे न विचारणारा समाज उरलेल्या अर्ध्याचा दोषी आहे.

सर्वात आधी गळतात त्या मुली. वस्तीतली आई पोरीला संध्याकाळी मैदानावर पाठवते ती त्या सरांच्या भरवशावर. तो भरवसा संस्थेवर नसतो, माणसावर असतो. माणूस गेला की पोरगी घरात. मुलगे नाक्यावर दिसू लागतात.

दुसरे नुकसान कागदाचे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. ते घाम पाहून मिळत नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेमार्फत खेळलेली स्पर्धा, तिचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. आपल्याकडे प्रमाणपत्रे सरांच्या कपाटात, संघटनेची ओळख सरांच्या मोबाइलमध्ये आणि कोणाचा कोणता बेल्ट हे सरांच्या डोक्यात. सर गेले की पोराची पाच-सात वर्षांची मेहनत पुराव्याशिवाय उरते. एकलव्याचा अंगठा द्रोणाने मागून घेतला, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. इथे तर कोणी न मागताच अंगठा जातो.

एकलव्याच्या कथेतला आणखी एक धडा आपण विसरतो. मातीचा पुतळा त्याला शिकवत नव्हता, त्याचा सराव शिकवत होता. श्रेय मात्र पुतळ्याला गेले, म्हणून अंगठ्यावरचा हक्कही पुतळ्याच्या मालकाने सांगितला. जिथे विद्येपेक्षा गुरू मोठा होतो, तिथे शिष्याचा अंगठा धोक्यात असतो.

आपला मार्गदाता तथागत आहे. महापरिनिब्बान सुत्तात ‘आचरियमुट्ठि’ असा शब्द येतो. आचार्याची मूठ, म्हणजे शेवटपर्यंत झाकून ठेवलेली विद्या. आपल्याकडे अशी मूठ नाही, असे भगवंतांनी आनंदाला सांगितले. आपल्यामागे गादीवर कोणाला बसवले नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता राहतील, असे सांगितले. उत्तराधिकारी नेमायला बुद्धांनी नकार दिला, यावर बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात भर दिला आहे. मूठ वळायला शिकवणाऱ्यांनी ही उघडी मूठ आधी शिकावी.

कोल्हापूरच्या तालमींची नावे पाहा. गंगावेस, शाहूपुरी ही जागांची नावे आहेत. वस्ताद बदलले, तालीम राहिली. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान सुरू केले. ते १९३८ साली वारले, ज्यूदो आजही जगभर आहे. प्रमुखपदावर पुढे त्यांच्या घरातले लोक आले, हे खरे. पण ज्यूदो टिकला तो ठरलेल्या शिक्षणक्रमामुळे, श्रेणींमुळे आणि गावोगावच्या शिक्षकांमुळे. उलट क्योकुशिन कराटेचे मासुतात्सु ओयामा १९९४ साली गेले आणि त्यांची बलाढ्य संघटना वारसाच्या भांडणात फुटली. फूट काय करते हे आपल्याला जपानकडून शिकायची गरज नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे गट मोजा.

काही जण म्हणतील, ‘सर जिवंत असताना त्यांच्या मागचे बोलणे अपशकुनी आहे.’ शकुन-अपशकुन आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलो. अनित्यता मानणाऱ्याला मरणाची तजवीज करायला कसली भीती? दुसरे म्हणतील, ‘सरांचा मुलगा आहे ना, तो बघेल.’ मुलगा लायक असेल तर जरूर बघावे. पण मुलगा आहे म्हणून नव्हे. वस्तादपण जन्मावर ठरणार असेल, तर २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती कशासाठी जाळली?

म्हणून प्रत्येक वर्गाने चार गोष्टी आत्ताच कराव्यात.

१) दोन सहायक प्रशिक्षक तयार करावेत. त्यातली एक मुलगी असावीच. वर्षातून एक महिना सरांनी बाजूला बसावे आणि वर्ग त्यांनी चालवावा.

२) शिक्षणक्रम लिहून काढावा. प्रत्येक बेल्टला काय यायला हवे, हे पालकांनाही वाचता यावे.

३) प्रमाणपत्राची मूळ प्रत पोराच्या घरी, नक्कल वर्गाच्या फाइलमध्ये. ज्या संघटनेकडून परीक्षा घेतो, तिची मान्यता जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन तपासावी.

४) संस्था नोंदवावी. १८६० च्या कायद्याने सात माणसे लागतात. एवढी माणसे कोणत्याही विहारात मिळतात. बँक खाते दोघांच्या सहीचे असावे. पदाधिकारी वारला किंवा बदलला तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा. तो न दिल्याने कितीतरी संस्था कागदावर मेलेल्यांच्या नावाने चालू आहेत.

याला फार पैसा लागत नाही, सरांचा अहंकार आणि आपला आळस तेवढा सोडावा लागतो. ज्यांनी फुकट किंवा नाममात्र फीवर आयुष्य घालवून आपली पोरे उभी केली, त्या सरांविषयी मला आदरच आहे. म्हणून तर त्यांचे काम त्यांच्याबरोबर सरणावर जाऊ नये असे वाटते. पुढच्या रविवारी वंदनेनंतर आपल्या विहारात एवढाच प्रश्न विचारा: उद्या सर आले नाहीत, तर वर्ग कोण घेणार? उत्तर आले नाही, तर बैठक तिथेच सुरू करा.

जय भीम! नमो बुद्धाय!