नकाशांतील खुणा स्पष्ट असाव्यात

शिवनेरीवर जाण्यास दोन वाटा आहेत, हें तुम्हांस ठाऊकच आहे. एक सात दरवाजांची, पायऱ्यांची. दुसरी साखळीची, कातळाच्या अंगानें चढणारी. बोलतांना आपण दोहोंसहि 'वाट'च म्हणतों, व त्यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु नकाशावर दोन्ही एकाच तुटक रेघेनें दाखविल्या, तर परगांवचा एखादा मुलगा जवळची म्हणून साखळीची वाट धरील, आणि पावसाळ्यांतील निसरड्या कातळावर त्यास खरा प्रकार कळेल. अशी रेघ काढणारास मी नुसता गचाळ चित्रकार म्हणणार नाहीं. त्यानें वाचणाराचा विश्वासघात केला, असेंच म्हणेन.

हा विषय सुचण्यास एक खेळ कारण झाला. हातांत नकाशा व होकायंत्र घेऊन ठराविक ठाणीं क्रमानें शोधीत धांवावयाचें, असा ओरिएंटीअरिंग नांवाचा हा खेळ मूळचा स्कँडिनेव्हियाच्या अरण्यांतला. त्याचा 'स्प्रिंट' हा प्रकार बहुधा गल्लीबोळांतून खेळतात, व विजयी खेळाडू तो सुमारें १२ ते १५ मिनिटांत पुरा करतो. त्याच्या नकाशाचें प्रमाण बहुधा १:४००० असतें. म्हणजे कागदावरील १ मिलिमीटर हा जमिनीवर ४ मीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, आपल्या परिचयाच्या १:५०,००० नकाशावर तोच मिलिमीटर ५० मीटर होतो. त्यांत जुन्नरच्या पेठेंतील बोळ मावत नाहीं, आणि २० मीटरच्या दोन समोच्च रेषांमध्यें १५ मीटरचा तुटलेला कडा सहज लपतो. तो नकाशा वाईट नव्हे. त्याचें काम निराळें.

स्प्रिंटच्या नकाशांतील भिंत मला फार आवडली. ती दगडाची कीं विटांची, हें तो सांगत नाहीं. ओलांडावयाची कीं नाहीं, एवढेंच सांगतो. जाड काळी रेघ असेल तर भिंत प्रत्यक्षांत उडी मारण्याजोगी असली तरी ओलांडणारा बाद होतो. लोकांचीं खासगी अंगणें व बागा ऑलिव्ह हिरव्या रंगानें भरतात. तेथें पाऊल टाकावयाचें नाहीं. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकविणें पवित्र शास्त्रानें निषिद्ध ठरविलें आहे. येथें तर खुणेकडूनच शेजाऱ्याचें रक्षण होतें.

आपल्या मुलांनीं असा एका पेठेचा नकाशा करावा, असें माझें मत आहे. मात्र देवळाचा कळस, मशिदीचा मिनार व चर्चचा क्रूस रंगविण्यांत तास घालवूं नये. धांवणारास एकच प्रश्न असतो: हा बोळ पलीकडे निघतो कीं नाहीं? एकच माणूस जाईल एवढा अरुंद बोळ प्रमाणशीर काढला तर तो डोळ्यांस दिसणारच नाहीं. तो किंचित् रुंद काढावा. यांत खोटेपणा आहे, असें कांहीं पालक म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. कारण तेथें रुंदी नव्हे, तर 'जातां येतें' ही गोष्ट सांगावयाची असते. शिवाय तांबड्या-हिरव्यांतील भेद न कळणारीं मुलें, विशेषतः मुलगे, असतात. म्हणून केवळ रंगावर न विसंबतां रेघेची जाडी व आकारहि बदलावा.

शेतमळ्यांत विहीर ही मोठी अडचण. सरकारी नकाशांत विहिरीस निळें वर्तुळ असतें. तिला कठडा आहे कीं नाहीं, तें त्यावरून कळत नाहीं. आपल्या भागांत बिबटेसुद्धां उघड्या विहिरींत पडतात, व वनखातें आणि माणिकडोहच्या केंद्रांतील मंडळी त्यांस वर काढतात. मग बारा वर्षांच्या मुलाची काय कथा! कठडा नसलेल्या विहिरीस वेगळी, ठसठशीत खूण हवीच.

आणि नकाशाच्या कोपऱ्यांत वर्ष लिहावें. जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्यास नांव तेंच राहिलें, कचेरी मात्र घोडेगांवीं आहे. जुन्या नकाशांतील तेथील घरांच्या खुणा अगदीं सुबक असल्या तरी आज तेथें पाणी आहे.

दिवाळीच्या सुटींत इयत्ता ८ वीच्या मुलांनीं एक पेठ निवडावी. तीं दाराशीं आलीं म्हणजे आपल्या घरामागचा बोळ पुढें निघतो कीं बंद आहे, एवढें पालकांनीं त्यांना नीट दाखवावें.