लोखंड कापायचे यंत्र : किंमत बघावी की काम?



गळीत हंगाम आटोपून ट्रॉल्या रिकाम्या झाल्या, की गावोगाव दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. कुणाच्या ट्रॉलीचा चॅनेल वाकलेला असतो, कुणाचा फाळका सुटलेला असतो, तर कुणाला गोठ्यासाठी अँगल कापून हवे असतात. वेल्डिंगच्या दुकानात चार दिवस थांबण्यापेक्षा आपणच एखादे लोखंड कापायचे यंत्र घ्यावे, असा विचार आता पुष्कळ सभासद करू लागले आहेत. विचार चांगला आहे. पण बाजारात जाऊन जे स्वस्त दिसेल ते उचलून आणायचे, ही रीत आम्हांस पसंत नाही.

दुकानदार बहुधा पुढे करतो तो १४ इंची चकतीचा कटर. किंमत कमी, उचलायला सोपा, घरच्या सिंगल फेजवर चालतो. त्याचा गुण आम्ही नाकारीत नाही. कमानीचे पाटे, फाळ असले पाणी दिलेले कडक पोलाद कापायला चकतीच लागते. दात्याचे पाते तिथे झिजते नाहीतर मोडते. पण खरेदीच्या पावतीवर न दिसणारा खर्च पुढे सुरू होतो. चकती झिजत जाते व लहान होत जाते, म्हणजे ती सारखी विकत घ्यावी लागते. प्रत्येक कापात सुमारे ३ मिलिमीटर लोखंडाचा भुगा होतो, म्हणजे शंभर काप झाले की जवळजवळ फूटभर माल हवेत गेला. कापलेले तोंड तापते, त्याला बुरा राहतो, तो घासून काढायची मजुरी वेगळीच. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, तो हाच.

आणि खर्चाहून मोठी गोष्ट जिवाची. ही चकती मिनिटाला सुमारे ३,८०० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. ओल लागलेली, तडकलेली किंवा मुदत संपलेली चकती या वेगात फुटली, तर तुकडा कुणाच्या अंगात शिरेल याचा नेम नाही. तरीही चकती बसत नाही म्हणून वरचे संरक्षक झाकण काढून ठेवणारे, हातातल्या ग्राइंडरला लाकूड कापायचे दात्याचे पाते लावणारे आणि चष्म्याशिवाय खाली वाकून बघणारे महाभाग गावोगाव आहेत. डोळा गेला तर तो कुठल्या बाजारात मिळायचा?

आपल्या शेतकऱ्यांना आणखी एक धोका आहे. कटरच्या ठिणग्या पंधरा-वीस फूट सहज उडतात. जवळ पाचटाचा ढीग, कडब्याची गंजी किंवा डिझेलचे पिंप असेल, तर पुढचे आम्ही सांगायला नको. काम आवरून माणूस जेवायला जातो आणि ठिणगी आत धुमसत राहते. म्हणून कटर चालवायचा तर मोकळ्या जमिनीवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथे नजर ठेवून.

याच्या उलट बँडसॉचे आहे. त्याचे दात्याचे पट्टीपाते साधे लोखंड कापताना मिनिटाला साठ-सत्तर मीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढ्या वेगाने फिरते. ठिणगी जवळजवळ नाही, आवाज कमी, तोंड सरळ, आणि भुगा मिलिमीटरभराचा. आडव्या जातीचे यंत्र असेल तर माल व्हाइसमध्ये आवळून ठेवला की ते आपल्या वजनाने कापत जाते, नि काप संपला की बहुतेक यंत्रे आपोआप बंद होतात. पॉवर हॅकसॉ हाही तसाच मजबूत गडी. मात्र तो जाताना कापतो नि येताना रिकामा येतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो.

बँडसॉ घेतला म्हणजे काम भागले असेही नाही. पातळ पाइपला बारीक दात, जाड सळईला मोठे दात. कोणत्याही क्षणी निदान तीन दात धातूत असले पाहिजेत, नाहीतर दात झडतात. अँगल ठेवायचा तो घराच्या आढ्यासारखा, कोपरा वर करून. नव्या पात्याला सुरुवातीला दाब कमीच द्यावा. आणि घेण्याआधी एक प्रश्न विचाराच : या मापाचे पाते तालुक्याच्या बाजारात मिळते का? पाते मिळत नसेल, तर यंत्र फुकट मिळाले तरी महागच.

आता कुणी म्हणेल, बँडसॉची किंमत कटरच्या कितीतरी पट, ती आमच्यासारख्याने कुठून आणायची? रास्त प्रश्न आहे. ज्याचे वर्षाला दहा-वीस काप, त्याने काहीच घेऊ नये. हातआरी ठेवावी आणि मोठे काम दुकानात द्यावे. त्यात कमीपणा नाही. पण एका वस्तीवर दहा घरांनी दहा कटर आणून वर्षातून चार दिवस वापरायचे नि बाकीचे दिवस गंजत ठेवायचे, याला शहाणपण म्हणता येत नाही. त्याच पैशात दहा जणांनी मिळून एक चांगला बँडसॉ घ्यावा, एका छपराखाली बसवावा, हाताळायला एकच जाणता माणूस नेमावा व कापामागे ठराविक रक्कम घेऊन पात्यांचा खर्च भागवावा. कडक पोलादासाठी एखादा कटर तिथेच असू द्यावा.

एकट्याला न झेपणारे यंत्र दहा जणांनी मिळून घ्यायचे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच हिशेबावर. सबंध कारखाना जर आपण भागभांडवलावर चालवू शकतो, तर लोखंड कापायचे एक यंत्र का नाही?

तेव्हा पुढच्या गट बैठकीत हा विषय जरूर काढावा. आणि तोवर ज्यांच्याकडे कटर आहे, त्यांनी काढून ठेवलेले झाकण आजच परत बसवावे, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे.