जालना : बियाण्यांची पेठ आणि पोलादाच्या भट्ट्या

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात फार जुनी आहे. निजामाच्या राज्यात जालना ही कापूस, धान्य आणि डाळींची भरभराटीची पेठ होती. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे येथून गेली आणि या पेठेचा माल दूरवर पोहोचू लागला. कापसातून सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस त्यानंतर उभे राहिले. आता जालन्याचे नाव निघते ते मुख्यतः लोखंडी सळईमुळे. महाराष्ट्रात घर बांधायला काढणाऱ्या माणसाने जालन्याच्या सळईची जाहिरात पाहिली नाही, असे सहसा होत नाही.

मात्र सळई बनवणारे हे शहर ज्या जिल्ह्यात आहे, तो जिल्हा शेतीवर जगणारा आहे. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला आणि परभणीचा परतूर तालुका त्याला जोडला गेला. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती आणि त्यातले शंभरामागे ऐंशी लोक खेड्यांत राहत होते. कापूस, सोयाबीन, तूर, मका, ज्वारी, हरभरा ही त्यांची पिके. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही.

एकीकडे कारखान्यांची धुरांडी आणि दुसरीकडे आभाळाकडे डोळे लावून बसलेली शेते. या दोहोंचे एकमेकांशी नाते काय, हाच या जिल्ह्याचा खरा प्रश्न आहे.

भेंडीपासून सुरुवात

जालन्याच्या कारखानदारीत शेतीशी सर्वांत जवळचे नाते आहे ते बियाणे उद्योगाचे. त्याचा पाया घातला बद्रीनारायण बारवाले यांनी. दिल्लीच्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेने भेंडीचा 'पुसा सावनी' हा वाण तयार केला होता. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला तो दाद देत नसे. बारवाले यांनी त्याचे बी आणून जालन्यात वाढवले आणि शेतकऱ्यांना विकले. त्यातूनच १९६४ मध्ये 'महिको' ही कंपनी उभी राहिली. पुढे ज्वारी, बाजरी, कापूस आणि भाजीपाल्याची संकरित बियाणी आली. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

या उद्योगाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा निम्मा कारखाना शेतातच असतो. कंपनी शेतकऱ्याला मूळ बी देते. शेतकरी ठरलेल्या अंतरावर, इतर वाणांपासून अलग ठेवून ते पीक घेतो आणि तयार झालेले बी ठरलेल्या भावाने कंपनीला देतो. संकरित कापसाचे बी करायचे तर आदल्या दिवशी दुपारनंतर मादी झाडावरच्या कळीतील पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग तिच्यावर घासावे लागतात. हे नाजूक काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसरात मिरची, टोमॅटो, काकडीचे बीजोत्पादन शेडनेटमध्ये होते. काही गुंठ्यांच्या जागेत घरचीच माणसे राबून रोकड पीक काढतात.

या उद्योगाच्या सगळ्याच गोष्टी गोड नाहीत. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा पहिले वाण महिकोचेच होते. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारणीचा खर्च घटला. पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाची बोंडे पोखरली आणि महाग बी विकत घेऊनही शेतकऱ्याच्या पदरी निराशा आली. शिवाय संकरित बी घरी राखून पेरता येत नाही, ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. तरीही या उद्योगाने जालन्याच्या शेतात काम आणि कौशल्य आणले, हे मान्य करावे लागेल.

खनिज नाही, तरी पोलाद

पोलादाची गोष्ट मात्र निराळी आहे. जालन्यात लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, जवळ बंदर नाही. तरीही येथे पोलादाच्या भट्ट्या आणि सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल एकामागून एक उभ्या राहिल्या. पेठेतील व्यापाऱ्यांकडे भांडवल आणि धाडस होते, रेल्वे होती, औद्योगिक वसाहतीत जागा होती. मागास भागात उद्योग काढणाऱ्यांना राज्य शासन १९६४ पासून सवलती देत आले आहे. पुढे २०१६ पासून मराठवाडा आणि विदर्भातील उद्योगांना वीजदरातही सूट मिळाली. भट्टी विजेवर चालत असल्याने ही सूट मोलाची ठरली.

भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत वितळवतात, त्याचे ठोकळे ओततात, ते लालभडक असतानाच रोलरमधून ओढून सळई काढतात आणि तिच्यावर वेगाने पाणी सोडतात. त्यामुळे सळईचे बाहेरचे अंग कठीण होते आणि गाभा लवचीक राहतो. म्हणजे या धंद्याला भंगार, वीज आणि पाणी लागते. यातले भंगार बाहेरून येते. पाणी मात्र अशा जिल्ह्यात लागते, जिथे २०१२-१३ च्या दुष्काळात शहराच्या नळांना कित्येक दिवसांनी एकदा पाणी येत होते आणि अखेर पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्याचा आधार घ्यावा लागला.

काम येथले, हात परके

कारखाने असले की गावातल्या तरुणांना काम मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. जालन्यात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. ते जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात कामाला होते. टाळेबंदीत काम थांबले, म्हणून भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले होते. त्यांची घरे होती मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत. जालन्याच्या भट्टीसमोर कोण उभे राहते, ते त्या दिवशी साऱ्या देशाला कळले.

याच जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील तांडे आणि वाड्यावस्त्या दसरा-दिवाळीनंतर ओस पडतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ते परततात उन्हाळ्यात. मुले सोबत गेली तर त्यांची शाळा बुडते आणि मागे राहिली तर म्हाताऱ्या आजीआजोबांच्या जिवावर राहतात.

म्हणजे कारखान्यातील कामासाठी शेकडो मैलांवरून माणसे येतात आणि येथील माणसे कामासाठी शेकडो मैल दूर जातात. येथील लोक आळशी आहेत, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही. ऊस तोडणे भट्टीच्या कामापेक्षा सोपे नाही. खरे कारण असे की, भट्टीचे काम एकट्या पुरुषाचे आणि बारमाही असते. ज्याची चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याला पेरणीच्या आणि काढणीच्या वेळी घरी असावेच लागते. ऊसतोडीत नवराबायको दोघांना काम मिळते, खरिपाचा हंगाम घरी घालवता येतो आणि उचल एकरकमी हाती पडते. मुलीचे लग्न, दवाखाना, सावकाराचे देणे या उचलीतूनच निघते. कारखान्यातील कंत्राटी पगार महिनाअखेर येतो, त्यातून अशी अडचण भागत नाही. कुटुंबाची ही गरज ओळखणारा उद्योगच खेड्यापर्यंत पोहोचू शकतो.

माल जातो, मोल जाते

जिल्ह्याचे दुसरे मोठे धन म्हणजे मोसंबी. 'जालना मोसंबी'ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्रही आहे. जालन्याच्या बाजार समितीतून मोसंबीचे ट्रक दिल्ली, जयपूर, कोलकात्याकडे जातात. दिल्लीत लक्ष्मीबाई नगराशेजारच्या आयएनए बाजारात कोणी रसाचा पेला तोंडाला लावला, तर त्यातील फळ अंबड किंवा बदनापूरच्या बागेतले असू शकते. पण ते जाते बहुतांशी जसेच्या तसे. मोठी फळे बाजारात खपतात. लहान, डागी किंवा गळालेली फळे मातीमोल होतात. रस, मुरंबा, सालीचे तेल यांसारखे पदार्थ मोठ्या प्रमाणावर जिल्ह्यातच झाले, तर या फळांनाही किंमत येईल.

कापसाचेही तेच. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या की त्या बाहेरगावच्या गिरण्यांकडे जातात. सूत, कापड, शिलाई या पुढच्या प्रत्येक पायरीवर मजुरी मिळते आणि कमाई वाढते. पण या पायऱ्या जालन्याबाहेर आहेत. २०१५ च्या डिसेंबरमध्ये जालन्याजवळ 'ड्राय पोर्ट'चे भूमिपूजन झाले. २०२२ पासून समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून वाहू लागला. रस्ते आणि बंदरे हवीतच. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. तयार माल नसेल तर त्यावरून कच्चा मालच अधिक वेगाने बाहेर जाईल.

तुतीची पाने, शेततळ्याचे पाणी

शेती आणि उद्योग यांची सांगड घालता येते, याची उदाहरणे जिल्ह्यातच आहेत. पूर्वी मराठवाड्यातील शेतकरी रेशीमकोष विकायला थेट कर्नाटकातील रामनगरला जात असत. प्रवासाचा खर्च, वजनातली घट आणि परक्या मुलखातला व्यवहार त्यांना सोसावा लागे. एप्रिल २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत राज्यातील पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली. तुतीला उसापेक्षा कितीतरी कमी पाणी लागते. अळ्या अंड्यांतून बाहेर आल्यापासून महिनाभराच्या आत कोष तयार होतात आणि वर्षातून अनेक वेळा पैसा हाती येतो. पाने तोडणे, अळ्यांना वेळेवर चारणे, शेड स्वच्छ ठेवणे हे काम घरातली माणसे मिळून करतात. त्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

दुसरे उदाहरण कडवंची गावाचे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९६ पासून या गावात पाणलोट विकासाची कामे झाली. बांधबंदिस्ती झाली, नाले अडवले गेले आणि पुढे शेकडो शेततळी खोदली गेली. पावसाचे तेच पाणी, पण गावाने ते अडवले आणि मोजून वापरले. पूर्वी कोरडवाहू असलेल्या शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यात ठिकठिकाणी मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली जात असताना कडवंचीच्या बागा शेततळ्यांच्या पाण्यावर तगल्या. जेथे बाग आहे तेथे छाटणी, विरळणी, तोडणी, बांधणी अशी कामे निघतात आणि मजूर बाहेर न जाता गावात येतात.

प्रगती कशावरून मोजायची?

जिल्ह्याच्या औद्योगिक पाहणीत सहसा कारखाने किती, गुंतवणूक किती, उत्पादन किती, याचेच आकडे दिले जातात. त्या आकड्यांवरून जालना पुढारलेला वाटेल. पण आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. जिल्ह्यात पिकलेल्या कापसातील किती कापूस सूत होऊन बाहेर पडतो? किती मोसंबीवर येथेच प्रक्रिया होते? दिवाळीनंतर किती घरांना कुलूप लागते? बाहेरून आलेल्या मजुराला राहायला धड खोली आणि संकटात आधार मिळतो का?

पोलादाच्या भट्ट्यांना दोष देऊन हे प्रश्न सुटणार नाहीत. ज्या पेठेने खनिज नसताना पोलाद उभे केले, तिच्याकडे भांडवलाची किंवा कल्पकतेची वाण नाही. हीच हुशारी कापूस, मोसंबी, तूर आणि कोष यांच्यापुढच्या पायऱ्या जिल्ह्यात बांधण्यासाठी लागायला हवी. शासनाने वीजदरात सूट देताना स्थानिक तरुणांचे प्रशिक्षण आणि पाण्याचा पुनर्वापर या अटी घातल्या, तर त्या सवलतीचा लाभ गावापर्यंत पोहोचेल. शेतकऱ्यांनीही एकेकट्याने बाजारात उभे राहण्याऐवजी गट करून माल विकायला, साठवायला आणि प्रक्रिया करायला शिकले पाहिजे.

मंठ्याच्या एखाद्या तांड्यावरील बाईला घराजवळच वर्षभर काम मिळाले आणि तिची मुले एप्रिलपर्यंत त्याच शाळेत बसली, तर तेवढ्यापुरती त्या घराची प्रगती झाली असे समजावे. अशी घरे दरवर्षी किती वाढली, याची नोंद जिल्ह्याच्या पाहणीत यायला हवी.