खर्च नेमका कोणी केला?

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी डिसेंबर १८६० पासून त्याच्याच साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढच्या ऑगस्टात संपली. कॉलेजातल्या गाइडांनी तिचे सार एका वाक्यात बसवून टाकले आहे: लोहाराच्या घरी वाढलेला पोरका पिप अचानक पैसा मिळून साहेब होतो, घरच्यांना विसरतो आणि शेवटी पस्तावतो. सार चुकीचे नाही. पण हे सांगण्यासाठी पाचशे पाने लिहायची डिकन्सला गरज नव्हती. माझ्या मते ही कादंबरी आहे खर्चाची. एका माणसाला 'वर' नेण्यासाठी पैसा कोणाचा लागला आणि तो कसा मिळवला गेला, याची. म्हणूनच ती लंडनच्या वाचकाइतकीच भंडारा जिल्ह्यातल्या घरांनाही लागू पडते.

पिपला लाज शिकायला एक दुपार पुरते. श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यात तो एस्टेलाबरोबर पत्ते खेळायला बसतो, आणि गुलामाच्या पानाला तो जे गावंढळ नाव वापरतो त्यावर ती हसते. त्याचे हात खडबडीत आणि बूट जाडजूड आहेत, हेही ती ऐकवते. त्या दिवसापर्यंत पिपने आपले हात कधी निरखून पाहिलेलेच नव्हते.

आपल्या झाडीपट्टीतल्या किती मुलांना ही दुपार ठाऊक आहे! वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. आमच्या बोलीत 'ळ' नाही. डोळ्याला आम्ही 'डोरा' म्हणतो, काळ्याला 'कारा'. 'ण'च्या जागी 'न' येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीच्या अभ्यासात वर्षानुवर्षे घातली, तिच्यात कविता लिहिल्या जातात, संमेलने भरतात. पण मुलगा नागपूरच्या कॉलेजात गेला आणि पहिल्याच महिन्यात 'डोरा' म्हटल्यावर वर्गात हशा पिकला, की संमेलने काही कामाला येत नाहीत. मग तो घरी फोनवरही जपून बोलू लागतो. मित्र जवळ असले की शुद्ध बोलतो, आणि आईला वाटते, पोरगा रागावला वाटते.

कादंबरीतला सर्वांत अवघड प्रसंग खुनाचा नाही की तुरुंगाचा नाही. पिपचा मेहुणा जो लोहार, ज्याने त्याला बापासारखे वाढवले, तो लंडनला भेटायला येतो. अंगात अवघडलेला ठेवणीतला पोशाख. हातातली टोपी कुठे ठेवावी हे त्याला कळत नाही. चुलाण्याच्या कट्ट्यावर ठेवतो तर ती पुन्हा पुन्हा घसरून पडते. कधी तो 'पिप' म्हणतो, कधी 'सर'. पिपला तो लवकर जावा असे वाटते. जाताना जो एवढेच समजावतो, की मी या कपड्यांत शोभत नाही, मला भट्टीपाशी पाहिलेस तर इतका वेगळा वाटणार नाही. रागाचा शब्द नाही.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढच्या वर्षांत तालुक्याच्या गावांतून शाखा निघाल्या आणि कासारांची, कोष्ट्यांची, धान लावणाऱ्यांची मुले पहिल्यांदा काउंटरच्या आतल्या बाजूला बसली. मीही बँकेतच नोकरी केली, आणि तिथे मी जो लोहार अनेकदा पाहिला. गावाहून आलेला बाप धोतराचा सोगा सावरत रांगेत उभा राहायचा. पुढे मुलगाच बसलेला असला तरी रांग सोडायचा नाही. घरी 'अरे पोरा' म्हणणारा तोच माणूस चारचौघांत मुलाला 'साहेब' म्हणायचा. मुलगा मान वर न करता पासबुक परत द्यायचा. ह्याला उद्धटपणा म्हणणे सोपे आहे. पण मान वर केली असती तर शेजारच्या सहकाऱ्याला सांगावे लागले असते, हे माझे वडील म्हणून.

आता मूळ खर्चाकडे. पिप समजतो की आपल्याला साहेब बनवणारा पैसा मिस हॅविशॅमचा. वकील जॅगर्स नाव सांगत नाही आणि पिपला हा गैरसमज सोयीचा वाटतो. मग एका वादळी रात्री जिना चढून येतो मॅग्विच: काळ्या पाण्यावर गेलेला कैदी, ज्याला लहानपणी दलदलीच्या रानात पिपने खायला आणि बेड्या कापायला कानस आणून दिली होती. त्याने ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखून, स्वतः हालात राहून पैसा पाठवला. पिपला किळस येते. त्याची टापटीप, त्याचे उच्चार, सगळे ज्या हातांनी विकत घेतले त्या हातांचा स्पर्शही त्याला नको आहे.

आपल्याकडे हा मॅग्विच कोण? भंडारा-गोंदियात पिढ्यान्‌पिढ्या असंख्य घरांत तो म्हणजे सुपात तेंदूपत्ता घेऊन बसलेली आई. रात्री पाने भिजवायची, सकाळी मापाने कापायची, जर्दा भरून वळायचे, धागा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर, आणि कारखान्यात मोजून देताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे काहीच नाही. मॅट्रिकची फी त्यातून, कंपासपेटी त्यातून, नागपूरच्या खोलीचे भाडेही त्यातून. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारकडून शिष्यवृत्ती मिळते. अर्जाला आईचे बिडी कामगाराचे ओळखपत्र लागते. पात्र असूनही हा अर्ज न भरणारी मुले मला माहीत आहेत. ओळखपत्रावरचा आईचा फोटो कॉलेजच्या खिडकीतून आत सरकवायची त्यांची तयारी नव्हती. ती रक्कम आईने आणखी काही हजार बिड्या वळून भरून काढली.

२००१ पासून बँकांची शैक्षणिक कर्जयोजना आली. चार लाखांपर्यंत तारण नको, पण आई किंवा बाप सहकर्जदार हवा. त्या कागदांवर उमेदवाराच्या सुबक सहीखाली निळा अंगठा पाहिला, की कादंबरी पुन्हा उघडावीशी वाटे.

मात्र डिकन्सला आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येत नाही. त्याच्यानंतर, १८९० मध्ये, हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणुकी'त येऊ लागली. वाढत्या वयाची ती आपली कथा, पण तिथल्या यमूला चांगल्या कपड्यांची नव्हे, केशवपनाची भीती आहे. पिपला पैसा मिळाला की लंडनमध्ये त्याची जात कोणी विचारीत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) शिकलेला दया पवार दगडू मारुती पवारशी बोलत बसतो. माणूस एकच, नावे दोन. तिथे जुने नाव लपवण्यामागे निव्वळ शिष्टपणा नसतो, भाड्याची खोली मिळेल की नाही हा प्रश्नही असतो. अशा मुलाला 'घरच्यांची लाज वाटते का रे?' असे विचारण्याचा अधिकार ज्यांना कधी नाव लपवावे लागले नाही, त्यांना नाही. बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्याच भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. दोन वर्षांनी आग्र्याला शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिल्याची खंत त्यांनी बोलून दाखवली. तो अधिकार त्यांचा होता.

खुद्द डिकन्सनेही लपवलेच होते. बाप कर्जापायी तुरुंगात असताना बाराव्या वर्षी तो बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले लावीत असे. हे जगाला कळले ते १८७० मध्ये तो गेल्यावर, मित्राने लिहिलेल्या चरित्रातून.

पिप सुधारतो तो भाषणे करून नव्हे. मित्र हर्बर्टला धंद्यात भागी मिळावी म्हणून तो गुपचूप पैसे भरतो. साहेबीच्या काळातले त्याचे हे एकमेव भले काम. पकडलेल्या मॅग्विचचा हात तो भर कोर्टात धरून उभा राहतो. मॅग्विचची सारी संपत्ती सरकारजमा होते. पिप आजारी पडल्यावर जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, आणि तो बरा होताच पहाटे निघून जातो. मागे चिठ्ठी आणि एक पावती: पिपचे ज्या कर्जासाठी अटक व्हायची वेळ आली होती, ते जोने फेडलेले असते. आयुष्यभर पावत्या पाहिल्या, पण साहित्यात इतकी बोलकी पावती दुसरी आठवत नाही. पुढे पिप कैरोला जाऊन हर्बर्टच्या पेढीत कारकुनी करतो.

आमच्या घरांतला दोष मला मुलांपेक्षा आईबापांत जास्त दिसतो. बिडी सोडली हे चांगलेच. ती कोणाच्या छातीला मानवली नाही. पण मुलासमोर 'आमच्यासारखा राहू नको' हे वाक्य रोज म्हणायचे आणि मग त्याने पाहुण्यांत ओळख दिली नाही म्हणून रडायचे, हे कसे जमावे? सूप माळ्यावर टाकण्यापूर्वी एकदा त्याला हिशोब सांगा. हजाराला किती मिळत होते, फी किती होती. आकडे सांगताना गळा भरून आणायची गरज नाही.

कादंबरीच्या शेवटावर वाद आहे. डिकन्सने आधी पिप आणि एस्टेला यांची ताटातूट लिहिली होती, नंतर मित्राच्या सल्ल्याने ती बदलली. मला त्याआधीचे एक पान पुरते. अकरा वर्षांनी पिप गावी येतो. चुलीपाशी जो बसलेला, आणि पिपच्या जुन्या तिवईवर एक लहान मुलगा. जो आणि बिडीचा, म्हणजे जोच्या बायकोचा (तिचे नाव बिडीच आहे, हा योगायोग आमच्याकडच्या वाचकाला हसवतो). मुलाचे नाव त्यांनी पिपच ठेवलेले असते. पिप म्हणतो, हा मला द्या कधीतरी, निदान थोडे दिवस उसना. ती हळूच नाही म्हणते.