पायाखालची हवा

दिवाळी आली की कोल्हापूरच्या मोटारींना कोकणची ओढ लागते. डिकीत फराळाचे डबे, मागे आजी आणि नातवंडे, आणि गाडी लागते गगनबावड्याच्या रस्त्याला. तिथवर सारे सुखाचे. पुढे करूळचा घाट वैभववाडीकडे उतरू लागतो आणि साऱ्या बिऱ्हाडाचा भार चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर येऊन पडतो. तेव्हा सणापूर्वी ज्यांनी ब्रेकच्या गंजलेल्या नळ्या बदलून घेतल्या असतील, त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

नवी नळी बसली, गळती थांबली, की काम झाले असे पुष्कळांना वाटते. खरे काम तिथून पुढे! नळी उघडली की तेल सांडते आणि त्याची जागा हवा घेते. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकातच सांगून ठेवले. त्याच्याच जोरावर १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारी चाकांना तेलाचे ब्रेक लागले. पण तेल दबत नाही आणि हवा दबते. नळीत बुडबुडा असला की पायाचा जोर त्यालाच चेपण्यात खर्ची पडतो आणि चाकापर्यंत पोचतच नाही. पेडल स्पंजासारखे लागते. दोनतीनदा भराभर दाबले की घट्ट झाल्यासारखे वाटते, आणि तिथेच माणूस फसतो.

उद्यमनगरातला जाणता मिस्त्री ही हवा काढतो ते पाहण्यासारखे असते. चाकाजवळच्या निपलला तो पारदर्शक नळी लावतो, तिचे टोक तेलाच्या बाटलीत बुडवतो, आणि हाताखालचा पोरगा चहाला गेला असेल तर गिऱ्हाइकाच्या घरच्यांनाच हाक मारतो.

"वैनी, दाबा. आता धरून ठेवा. मी म्हणंपर्यंत पाय काढायचा न्हाई!"

पाना फिरतो, बुडबुडे निघतात, पेडल खाली जाते. निपल आवळल्यावरच पाय वर. वैनींनी घाई केली तर हवा पुन्हा आत! बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. पण काही गाड्यांचा क्रम निराळा, तिथे कंपनीचे पुस्तक सांगेल ते खरे. वरची टाकी मध्येच रिकामी झाली तर पहिले पाढे पंचावन्न. एबीएसच्या यंत्रात हवा अडकली, तर मात्र नुसत्या पान्याने भागत नाही. पुष्कळ गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो.

बाटलीतले तेल पुन्हा टाकीत ओतू देऊ नका. तळणीचे उरलेले तेल भाजीला चालते, हे नव्हे. ब्रेकचे तेल हवेतले पाणी पिते. डॉट ४ जातीचे ताजे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी तोच १५५ वर येतो. घाटात ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणाऱ्याचे तेल तापून उकळते, आणि वाफही हवेसारखीच दबते. म्हणून उतारावर खालचा गिअर.

गॅरेजमधून निघण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून पेडल दाबा आणि अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकले, तर गाडी हलवू नका. मग इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबले पाहिजे. चारी चाकांशी वाकून ओल पाहा. पहिली फेरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर, बैलगाडीच्या चालीने. आजी आणि फराळाचे डबे त्यानंतर बसवावेत.