कुत्रा कशाला? मदतनीस देतो ना!

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तेच रणकंदन झालं. कुत्री लिफ्टमधून न्यायची की नाही! दोघं ग्रुप सोडून गेले. त्या गदारोळात एका ताईंनी हळूच विचारलं, "माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, वय चौदा. शिकवलेला मदतनीस कुत्रा आणला तर शाळा त्याला आत घेईल का?" लगेच उत्तर आलं, "अहो, आधीच भटक्यांनी जीव नकोसा केलाय, आता वर्गातपण कुत्री?" त्याखाली बारा अंगठे. ताई गप्प झाल्या.

ते बारा अंगठे मला टोचले, म्हणून हे लिहितेय. जरा लांबलंय, पण वाचा.

हाच प्रश्न अमेरिकेत थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. मिशिगन राज्यातली एक मुलगी, तिलाही सेरेब्रल पाल्सी. तिच्याकडे 'वंडर' नावाचा गोल्डनडूडल जातीचा शिकवलेला कुत्रा होता. पडलेली वस्तू उचलून देणं, दार उघडणं, दिवा लावणं, कोट काढायला मदत करणं, वॉकर घेऊन चालताना तोल सांभाळणं आणि टॉयलेटच्या सीटवर बसताना-उठताना आधार देणं, ही त्याची कामं. २००९ मध्ये शाळेने त्याला नकार दिला. कारण काय? तिला मदतीला माणूस दिलाय की! मग कुत्रा कशाला?

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना? पण पुढे शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने शाळेची चूक दाखवली. त्यांचं म्हणणं साधं होतं. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला "खुर्ची बाहेर ठेव, आमचा माणूस तुला उचलून नेईल" असं सांगाल का? आंधळ्या मुलाची काठी काढून घेऊन "हात धरून नेतो" म्हणाल का? मदत मिळाली म्हणजे हक्क मिळाला, असं होत नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी आठही न्यायमूर्तींनी कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. निकाल तसा तांत्रिक होता. थेट दावा लावता येतो की आधी विशेष शिक्षणाच्या कायद्याखालची सगळी प्रक्रिया संपवावी लागते, एवढाच मुद्दा होता. पण न्यायमूर्ती एलेना केगन यांनी त्यात एक छान कसोटी दिली. हीच तक्रार एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाविरुद्ध करता आली असती का? शाळेत आलेल्या मोठ्या माणसाला करता आली असती का? आली असती, तर ती बहुधा शिक्षणाची नाही, भेदभावाची तक्रार आहे.

आता हिशोब बघा. नकार आला तेव्हा मुलगी पाच वर्षांची, निकाल लागला तेव्हा किशोरवयात. आणि कुत्र्याचं कामाचं आयुष्यच मुळात आठ-दहा वर्षांचं.

आणि वयाचाच खरा मुद्दा आहे. पाच वर्षांच्या मुलीला बाईंनी टॉयलेटला नेलं तर कोणाला काही वाटत नाही. चौदाव्या वर्षी? पाळी सुरू झालेली, मैत्रिणी बाहेर उभ्या, आणि आत कोणीतरी मोठं माणूस. त्या वयात आपल्याला आईसुद्धा खोलीत नको असायची, आठवतंय ना?

आपल्याकडे हे काम कोण करतं? आई. शाळेच्या पायरीवर डबा घेऊन दिवसभर बसलेली आई मी पाहिली आहे. नोकरी सोडलेली. आपण तिचं कौतुक करतो, "किती करते हो मुलीसाठी!" पण त्या कौतुकात शाळेची जबाबदारी सोयीस्करपणे विसरली जाते.

आक्षेप मलाही मान्य आहेत. कोणाला ॲलर्जी असते, कोणाला भीती. रेबीज हा आपल्याकडे चेष्टेचा विषय नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा-रुग्णालयांच्या आवारातून भटकी कुत्री हटवायला सांगितलं, त्यामागे चावा घेतलेली लेकरं आहेत. पण भटका कुत्रा आणि दीड-दोन वर्षं शिकवलेला, लसीकरण झालेला, पट्ट्यात असलेला कुत्रा यांत फरक करायचा की नाही? अमेरिकेत पाळीव कुत्र्याला अंगरखा घातला म्हणून तो मदतनीस ठरत नाही. काम स्पष्ट नसेल तर कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात : हा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कुत्रा आवरत नसेल किंवा घाण करत असेल तर त्याला बाहेर काढता येतं. म्हणजे नियम करता येतात. ॲलर्जी असलेल्या मुलाची जागा किंवा तुकडी बदलता येते.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिससारखे मज्जासंस्थेचे जुनाट आजारही आहेत. विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे त्यात शाळेचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. मदतनीस कुत्र्याचा मात्र त्यात स्पष्ट उल्लेख नाही. म्हणून सगळं मुख्याध्यापकांच्या मर्जीवर. महाराष्ट्रात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. या विभागाने एक पानाचं परिपत्रक काढावं : मदतनीस कुत्रा कोणाला म्हणायचं, शाळेने काय विचारायचं, कोणती लस हवी, कधी नाही म्हणता येईल. फार मोठी मागणी आहे का ही?

असे कुत्रे आपल्याकडे फार थोडे आहेत, खर्चही मोठा आहे, हे मान्य. उद्या सकाळी प्रत्येक शाळेत कुत्रा येणार नाहीये. पण प्रश्न कुत्र्याचा नाहीच मुळी. वॉकर असो, रॅम्प असो, कडी लागणारं रुंद दाराचं टॉयलेट असो, "आम्ही माणूस देतो ना" हे उत्तर पुरेसं नाही. त्या मुलीला स्वतःहून काय करता येईल, हे आधी विचारा.

ताई, तुम्ही ग्रुपवर पुन्हा विचारा. या वेळी पहिला अंगठा माझा.